पंच्याऐंशीवं नाव

शोकठरावाची रीत जगभर साधारण सारखीच असते. आधी तारीख, मग ठिकाण, मग आकडे, मग बचाव करणाऱ्यांचं कौतुक आणि शेवटी सहवेदना. ज्याअर्थी अमुक दिवशी अमुक घडलं, ज्याअर्थी इतके जीव गेले, त्याअर्थी हे सभागृह त्यांचं स्मरण करतं. सदस्य उभे राहतात, माना खाली घालतात, बसतात आणि कामकाज पुढच्या विषयाकडे वळतं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात दिवसाचं कामकाज कुणाच्या तरी स्मृतीत तहकूब करायची प्रथा आहे. सभागृह उठतं ते एखादं नाव घेऊन. मला ही प्रथा मनापासून आवडते. राज्य ही एवढी अवाढव्य गोष्ट. तिने दिवस मिटताना एका माणसाचं नाव उच्चारावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून पॅराडाइजसाठी मीही एक ठराव मनाशी मांडून पाहते आहे. मला कुठल्या सभागृहात आसन नाही. पण शोक करायला आसन लागत नाही.

ज्याअर्थी तिथे एक गाव होतं. उत्तर कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या पायथ्याला, दोन खोल दऱ्यांच्या मधल्या सोंडेवर. एका अंगाला ब्यूट क्रीकची दरी, दुसऱ्या अंगाला फेदर नदीच्या फाट्याची. पॉन्डेरोसा पाइनच्या रानात जागा सापडेल तिथे घरं शिरली होती. सव्वीस हजारांच्या वर वस्ती, आणि तिच्यात वयस्कर माणसं पुष्कळ. महागड्या शहरातून उठून, पेन्शनीत परवडेल अशा लहानशा घरात किंवा मोबाइल होममध्ये उरलेली वर्षं काढायला आलेली. शेजारच्या मगेलियाला एके काळी डॉगटाउन म्हणत. तिथे १८५९ मध्ये चोपन्न पौंडांचा सोन्याचा गोळा सापडला होता, आणि त्याच्या आठवणीत हे गाव दरवर्षी सण साजरा करायचं. सफरचंदाच्या बागा होत्या. संध्याकाळी झाडांच्या शेंड्यांवर ऊन रेंगाळायचं. अशा गावाचं नाव पॅराडाइज, म्हणजे नंदनवन, ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही.

ज्याअर्थी इशारे मिळालेले होते. २००८ मध्ये वणवा वेशीपर्यंत आला, सोंडेवरून उतरणारे रस्ते तुंबले, आणि त्यानंतर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या चौकशी मंडळाने, या मोजक्या वाटांबद्दल लेखी सावध केलं. गावाने स्वतःचे विभाग पाडले, कोणी कधी निघायचं ते ठरवलं, सरावही केला. हे गाव गाफील नव्हतं, हे ठरावात लिहिलंच पाहिजे. संकटात सापडलेल्या माणसांवरच मागाहून बेपर्वाईचा ठपका येतो आणि तो पुसायला कुणी उरलेलं नसतं. पण सराव होता तो एका वेळी काही विभाग रिकामे करण्याचा. अख्खं गाव एका सकाळी, एकाच तासात, एकाच रस्त्यावर येईल, ही कल्पना कुठल्याच आराखड्यात नव्हती. आणि मधल्या वर्षांत गावाच्या मध्यभागी स्कायवे हा मुख्य रस्ता अरुंदही केला गेला होता. पायी चालणाऱ्यांना सुखाचं जावं, म्हणून.

ज्याअर्थी एक हूक झिजत होता. फेदर नदीच्या घळीतून पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीची कॅरिबू-पालेर्मो नावाची उच्च दाबाची वाहिनी १९२१ पासून चालत आली होती. मनोऱ्याच्या आडव्या हाताला तार टांगून धरणारा तो लोखंडी हूक जवळजवळ शंभर वर्षांचा. वारा आला की तार हलायची, तार हलली की लोखंडावर लोखंड घासायचं. वर चढून कोणी जवळून पाहिलं असतं तर ती झीज दिसली असती. त्या मनोऱ्यावर तशी पाहणी वर्षानुवर्षं झाली नाही, हे पुढे सरकारी तपासात निघालं. त्या वर्षी शरदातला पाऊस आला नव्हता. गवत वाळून कोळ झालेलं, आणि ईशान्येकडून घळीतून कोरडा वारा सुटलेला. हूक तुटला, जिवंत तार मनोऱ्याला टेकली, वितळलेल्या धातूचे थेंब गवतात पडले.

ती वेळ सकाळी साडेसहाच्या सुमाराची. तारीख ८ नोव्हेंबर २०१८. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजत होते, आणि तो दिवस दिवाळीच्या पाडव्याचा होता. महाराष्ट्रात घरोघरी निरांजनं लागलेली, पाटाभोवती रांगोळी, ओवाळून झालेलं किंवा ओवाळायचं बाकी असलेलं. नेमक्या त्याच घटकेला जगाच्या दुसऱ्या टोकाला आग गवतातून झाडावर चढत होती. या योगायोगाला काही अर्थ आहे असं मी म्हणत नाही. पण तो एकदा ध्यानात आल्यावर पाडव्याची संध्याकाळ मला पूर्वीसारखी राहिलेली नाही.

पुढचे तास सांगवत नाहीत, तरी सांगितले पाहिजेत. आग जमिनीवरून चालत आली नाही. वाऱ्याने निखारे मैलभर पुढे फेकले आणि गावात एकाच वेळी अनेक जागी पेट घेतला. सूचना देणारी यंत्रणा ज्यांनी आधी नाव नोंदवलं होतं त्यांनाच फोन लावत होती, आणि त्यांतही अनेकांपर्यंत ती पोहोचली नाही. मोबाइलचे मनोरे जळाले, फोन गेले. सकाळीच रात्र झाली. स्कायवेच्या सगळ्या मार्गिका उताराच्या दिशेने मोकळ्या केल्या, तरी गाड्या गोगलगाईच्या चालीने सरकत होत्या, काचा हाताला भाजत होत्या, टायर वितळत होते. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी रुग्ण स्वतःच्या गाड्यांत घालून बाहेर काढले. एका शाळेच्या बसमध्ये बावीस मुलं, दोन शिक्षिका आणि चालक. धूर आत भरला तेव्हा चालकाने अंगातला सदरा फाडून त्याचे तुकडे पाण्यात भिजवले, आणि ते मुलांनी नाकाला धरले. पाच तासांनी ती बस सुखरूप उतरली. त्या तुकड्यांची आठवण कोणत्याही राज्याने जपावी अशी आहे. दुपार व्हायच्या आत गावाचा बहुतेक भाग पेटलेला होता.

मग मोजणी सुरू झाली. १७ दिवस आग जळली. दीड लाख एकरांहून अधिक रान. १८,८०४ इमारती, त्यांतली सुमारे चौदा हजार घरं. एका क्षणी बेपत्ता माणसांच्या यादीत हजाराहून जास्त नावं होती. यादी जशी घटत जाई तसा लोकांचा जीव भांड्यात पडे, आणि ज्यांचं नाव घटत नसे त्यांच्या घरच्यांचा जीव तितकाच कासावीस होई. राखेत माणूस शोधायला चिकोच्या विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ आले होते, कारण हाड कोणतं आणि पडझडीतला चुना कोणता हे साध्या डोळ्याला कळत नव्हतं. ओळख डीएनएवरून पटवावी लागली. शेवटचा आकडा ८५. बहुतेक जण पासष्टीच्या पुढचे. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणाकडे गाडी नव्हती, कुणी शेजाऱ्याची वाट पाहत राहिलेलं. काही गाडीतच गेले, रस्त्यावर, गर्दीत. पाय अधू झालेल्या माणसाला निघायला फोन लागतो, हात लागतो, वेळ लागतो. त्या सकाळी यांतलं काहीच वेळेवर आलं नाही.

भाऊबीजेला धूर सान फ्रान्सिस्कोच्या आखातापर्यंत पोहोचला होता. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल इथल्या मराठी घरांनी त्या दिवाळीचा शेवट बंद खिडक्यांआड काढला. पुढच्या आठवड्यात तिथली हवा जगातल्या सगळ्यात वाईट हवेत गणली गेली आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अडीचशे किलोमीटरहून दूरच्या एका गावाचे लाकूडफाटे, पडदे, पुस्तकं, औषधाच्या बाटल्या, सगळं त्या धुरात होतं. माणसंही होती, हे कुणी मोठ्याने बोललं नाही.

महिना उलटायच्या आत, ३ डिसेंबरला, सॅक्रामेंटोला विधिमंडळाचं नवं सत्र भरलं. हे राजधानीचं शहर पॅराडाइजपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे या वणव्याचं स्मरण झालं, तेव्हाही आणि पुढेही, आणि ते मनापासून झालं यात मला शंका नाही. पण त्या सभागृहाची आठवण फार जुनी आहे आणि तिच्यात मोठी भोकं आहेत. ती भोकंही ठरावात यायला हवीत.

वणव्यात पॅराडाइजबरोबर कॉन्काऊही जळालं. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांचं, कॉन्काऊ मैदू लोकांचं. हे लोक थंडीच्या तोंडाला रानातलं वाळकं गवत आणि झुडपं ठरवून, हलक्या आगीने जाळून टाकत. त्यामुळे ओकची झाडं निकोप राहत, टोपल्या विणायच्या काड्या सरळ येत, आणि मोठ्या आगीला खायला काही उरत नसे. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने आदिवासींच्या 'शासन आणि संरक्षणा'चा कायदा केला, आणि त्यात गवताळ रान पेटवणं हा गुन्हा ठरवला. याच कायद्याने आदिवासींना वेठीला धरायची मोकळीक गोऱ्यांना दिली. १८६३ च्या सप्टेंबरात चिकोहून ४६१ कॉन्काऊ माणसांना सैनिकांनी डोंगरापलीकडच्या राउंड व्हॅलीकडे पायी हाकलत नेलं. पोहोचली २७७. वाटेत राहिलेल्यांसाठी त्या काळी कुठलंही सभागृह उभं राहिलं नाही. ज्यांना आगीशी कसं नांदायचं हे ठाऊक होतं, त्यांची रीत आधी गुन्हा ठरवली, मग त्यांना रानातून काढलं, आणि दीडशे वर्षं पालापाचोळा साचू दिला. पॅराडाइजला पोचलेली आग हुकातून निघाली हे खरं. पण तिला पसरायला जे रान मिळालं, ते कायद्याने घडवलेलं होतं. २०२१ मध्ये याच विधिमंडळाने एक कायदा करून परंपरेने हलकी आग लावणाऱ्या आदिवासी जाणकारांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून बऱ्याच अंशी संरक्षण दिलं. एकशे एकाहत्तर वर्षांनी. स्मरण म्हणायचं तर मी याला म्हणेन. त्यात फुलं नव्हती, भाषणं फारशी नव्हती, पण एक चूक पुसण्याची सुरुवात होती.

आपल्या महाभारतात एक रान जळतं. खांडववन. अग्नीला भूक लागते, कृष्ण आणि अर्जुन पहारा देतात, आणि बाहेर पळणारं एकही जनावर सुटू नये याची काळजी घेतात. त्या आगीतून सहा जीव वाचल्याचं व्यास सांगतात: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय नावाचा दानव, आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. त्या पिल्लांची नावंसुद्धा ग्रंथात आहेत. जे जळाले त्यांची नाहीत. आणि वाचलेल्या मयाने कृतज्ञतेपोटी पुढे काय बांधलं? सभा. पांडवांची ती अद्भुत सभा वणव्यातून वाचलेल्याच्या हातची आहे. जळालेल्यांचा मात्र त्या सभेत एकदाही उल्लेख होत नाही. पॅराडाइजबद्दल वाचताना मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत राहिला, आणि दरवेळी त्या जळालेल्या, नाव नसलेल्या जिवांपाशी मी अडले.

पॅराडाइजच्या मृतांची नावं मात्र एका दिवशी घेतली गेली, पण विधिमंडळात नाही. १६ जून २०२० रोजी चिको इथल्या ब्यूट काउंटीच्या न्यायालयात वीज कंपनीवरचा खटला उभा होता. ८४ जणांच्या हेतूविना मनुष्यवधाचे ८४ आरोप आणि बेकायदा आग लावल्याचा एक. कंपनीच्या वतीने तिचे मुख्याधिकारी बिल जॉन्सन उभे राहिले. न्यायाधीश मायकेल डीम्स यांनी एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावाबरोबर पडद्यावर त्या माणसाचं छायाचित्र आलं. आणि प्रत्येक नावाला जॉन्सन यांनी उत्तर दिलं: दोषी. ८४ वेळा. कुठलंही नाव गठ्ठ्यात बांधलं नाही, 'आणि इतर' असं म्हटलं नाही. मृताचा चेहरा बघायचा, त्याचं नाव ऐकायचं, आणि मग आपल्या तोंडाने कबूल करायचं. शोकाला इतकं नेमकं, इतकं सोसायला लावणारं रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

शिक्षा म्हणून सुमारे ३५ लाख डॉलर दंड झाला. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही. दंडाची रक्कम त्या माणसांच्या वयांशी, त्यांच्या घरांशी कुठेच जुळत नाही, आणि त्याचा राग करण्याचा हक्क त्यांच्या मुलाबाळांना कायमचा आहे. पण ती नावं उच्चारली गेली, नोंदवली गेली, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं.

पंच्याऐंशीवा मृत्यू मात्र आरोपपत्रात नव्हता. कायद्याच्या मापात तो बसला नाही. कायद्याचा हिशेब चौऱ्याऐंशीवर थांबला, गावाचा पंच्याऐंशीवर. दरवर्षी ८ नोव्हेंबरला पॅराडाइज सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांनी थांबतं आणि ८५ सेकंद गप्प राहतं, एका माणसासाठी एक सेकंद. तिथे कुणी वगळलं जात नाही. त्या पुढच्या महिन्यांत परक्या गावात, परक्या पलंगावर, घर गेल्याच्या धक्क्याने मिटलेली माणसं कुठल्याच आकड्यात नाहीत. त्यांच्यासाठी सेकंद नाहीत. माझ्या ठरावात त्यांच्यासाठी एक ओळ आहे.

त्याअर्थी काय? ठराव इथेच येऊन अडतात, कारण शोकाला पुढचं पाऊल सांगता येत नाही आणि राज्याला ते टाकावंच लागतं. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पुढच्या वणव्यांच्या भरपाईसाठी २१ अब्ज डॉलरांचा निधी उभा करणारा कायदा केला. त्यात वीज कंपन्यांसाठी सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राची तरतूद केली आणि वरिष्ठांचा पगार सुरक्षिततेशी बांधला. कंपनी वाचावी म्हणून हा कायदा झाला असं पुष्कळांना वाटलं, आणि त्या वाटण्यात तथ्य आहे. तरी त्यातलं सुरक्षिततेचं कलम मला एखाद्या पुतळ्याहून मोलाचं वाटतं. वीज कंपनीच्या दिवाळखोरीतून पीडितांसाठी जो निधी निघाला त्यातली निम्मी भरपाई कंपनीच्याच शेअरमध्ये होती. म्हणजे ज्यांचं घर जाळलं त्यांचं नशीब जाळणाऱ्याच्या बाजारभावाला बांधलं गेलं. पुढे ही भरपाई उत्पन्न धरून तिच्यावर केंद्राचा कर लागायचा प्रश्न आला, वकिलांकडे गेलेल्या हिश्शासकट. तो कर माफ करणारा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मंजूर होऊन डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. घर गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत किती जण तो दिवस न बघताच गेले असतील, हा विचार मनातून जात नाही.

गाव परत उभं राहतंय. हे वाक्य मी जपून लिहिते. आधी छत्तीस लाख टनांहून अधिक राडारोडा उचलावा लागला. मग कळलं की जमिनीखालच्या नळांत बेंझीन शिरलंय, पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही. नळ्या तपासून, बदलून पाणी पुन्हा गोडं करायला फार काळ गेला. हायस्कूलची इमारत वाचली होती. २०१९ च्या जूनमध्ये त्या वर्षीच्या मुलांनी आपला पदवीदान सोहळा हट्टाने गावातल्याच मैदानावर केला, भोवती काळे बुंधे उभे असताना. २०२० च्या जनगणनेत गावात ४,७६४ माणसं होती. आता ती दहा हजारांच्या आसपास आहेत. २०२३ मध्ये भोंग्यांचे मनोरे उभे राहिले, आता फोन बंद पडला तरी आवाज पोहोचेल. विजेच्या तारा जमिनीखाली घालण्याचं काम हाती घेतलं गेलं. कॅरिबू-पालेर्मो वाहिनी कायमची बंद आहे.

पण परत आलेल्यांचाच जो जयजयकार होतो तो मला अपुरा वाटतो. परतायला विमा लागतो, बँकेत पत लागते, वय लागतं. भाड्याने राहणारे, मोबाइल होममधले, ऐंशीला टेकलेले, यांतले बरेच आले नाहीत. ते ओरेगनला मुलीकडे, आयडाहोला भावाकडे, जिथे भाडं परवडलं तिथे गेले. त्यांनी हार मानलेली नाही. त्यांचंही गाव तेच होतं, आणि ठरावात 'समाजाची उभारी' असं लिहिताना त्यांची गैरहजेरी त्या उभारीच्या आत धरली पाहिजे.

पुढे कधी सॅक्रामेंटोत किंवा वॉशिंग्टनमध्ये कोणी सदस्य पॅराडाइजच्या स्मरणाचा ठराव घेऊन उभा राहील, तेव्हा माझी त्याला हात जोडून एवढीच विनंती आहे. आकडे थोडक्यात सांगा, शौर्याचं कौतुक हवं तर दुसऱ्या दिवशी करा. चिकोच्या न्यायालयाने केलं तसं करा. नावं वाचा, एकामागून एक, कितीही वेळ लागो. चौऱ्याऐंशीव्या नावाशी थांबू नका, पंच्याऐंशीवं नावही वाचा.